वाचनगटात बोलायला अडू नये म्हणून

पुस्तक वाचताना पेन्सिल आणि चिकटचिठ्ठ्या हाताशी ठेवा. जिथे थबकलात, चिडलात किंवा काही उमगलं नाही, तिथे चिठ्ठी लावून दोन-तीन शब्द खरडा: ‘ही खोटं का बोलली?’ नुसत्या रेघा मारल्या, तर महिन्याभराने त्या कशासाठी मारल्या हेच आठवत नाही. भेटीच्या आदल्या रात्री त्यातल्या ३ जागा निवडा, पुरे होतात. पान क्रमांकासोबत प्रकरणही लिहा, कारण प्रत्येकाची आवृत्ती एकच असेल असं नाही. ‘आवडलं का?’ असं विचारून सुरुवात करू नका. हो-नाहीवरच गाडी अडते. त्याऐवजी एखादा परिच्छेद मोठ्याने वाचा आणि मग चिठ्ठीवरचा प्रश्न विचारा. पुस्तक अर्धंच झालं असलं तरी जरूर जा, फक्त कुठवर पोचलात ते आधीच सांगा.