पोलिशमध्ये ‘कुठे आहे’ सांगायचं कसं

भाचा वेल्डर आहे. पोलंडमधल्या ग्दान्स्कला कामाला जायचं ठरलं, तेव्हा कुणीतरी सात विभक्तींचा तक्ता त्याच्या हातात दिला आणि पोरगं हबकलं. जहाजावर पोलिश सोबत्यांकडून मी जेवढी भाषा उचलली, तेवढी त्याला हर्णैत आमच्या पडवीत बसवून शिकवली.

सुरुवात माशापासून. आपण ‘मासात काटा’ म्हणत नाही, ‘माशात काटा’ म्हणतो. ‘त’ लागला की ‘सा’चा ‘शा’ होतो. पोलिशमध्येही हेच आहे! ‘लास’ म्हणजे रान, रानात म्हणजे ‘व लेशे’. आपला ‘त’ शब्दामागे चिकटतो, त्यांचा ‘व’ पुढे सुटा येतो, एवढाच फरक. ‘वर’साठी ‘ना’: ‘स्तूव’ म्हणजे टेबल, टेबलावर म्हणजे ‘ना स्तोले’. म्हणून शब्द एकटा पाठ करू नका, जोडीनेच करा: लास–व लेशे, स्तूव–ना स्तोले, दोम–व दोमू (घर–घरात).

‘व’ की ‘ना’, हे मात्र ऐकून ऐकूनच बसतं. स्टेशनावर आपल्यासारखंच, ‘ना द्वोर्त्सू’. पण आपण पोस्टात असतो, ते पोस्टावर: ‘ना पोच्चे’.

खाली, मागे, समोर म्हणताना शेवट बदलतो. मांजर टेबलाखाली आहे: ‘कोत येस्त पोत स्तोवेम’. घरामागे: ‘झा दोमेम’. किनाऱ्यावर राहणाऱ्याने पहिलं वाक्य हेच शिकावं: ‘म्येश्काम नाद मोझेम’, मी समुद्राकाठी राहतो. शेजारी म्हणायचं तर ‘ओबोक’, आणि रानाचं रूप पुन्हा वेगळं: ‘ओबोक लासू’.

खरी अडचण पुढे आहे. ‘मी घरात आहे’ आणि ‘मी घरात जातो’, आपल्याला दोन्हीकडे ‘घरात’ चालतं. पोलिशमध्ये चालत नाही. असणं वेगळं, जाणं वेगळं. ‘येस्तेम व दोमू’, मी घरात आहे. ‘इदे दो दोमू’, मी घरी जातो. पुळणीवर आहे: ‘येस्तेम ना प्लाझी’. पुळणीवर जातो: ‘इदे ना प्लाझे’. ‘ना’ तोच, शेपूट बदललं. भाचा इथेच सारखा अडखळायचा.

मग संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी त्याला खाली पुळणीवर घेऊन जायला लागलो. वाटेत पाऊल पडतंय तोवर ‘इदे ना प्लाझे’ म्हणायचं. वाळूत पाय रोवून उभा राहिला की ‘येस्तेम ना प्लाझी’. चौथ्या दिवशी तो थांबला आणि मी विचारायच्या आत शेवटचा ‘झी’ त्याच्या तोंडून बरोबर आला.