पंपात दूध येत नाही? दूध आटलं असं ठरवण्याआधी या चुका तपासा

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा माझी मुलगी साडेपाच महिन्यांची होती. सांगलीहून तासगावच्या बाजूला एसटीने जायचं, नऊला घर सोडायचं, सहाला परत. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममागच्या खोलीत, नकाशांच्या कपाटाआड बसून मी वीस मिनिटं पंप लावला. बाटलीत जमलं 25 मिली. छाती मात्र दगडासारखी घट्ट. घरी सगळ्यांचं एकच म्हणणं: दूध आटलं, आता वरचं सुरू कर. मीही ते खरं मानलं आणि दोन रात्री रडून काढल्या.

दूध आटलं नव्हतं. पंप माझ्या मापाचा नव्हता. त्यानंतरच्या चार वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणींचे पंप मी हातात घेऊन पाहिले, आणि बहुतेक वेळा घोडं तिथेच किंवा त्याच्या आसपास अडलेलं निघालं. पंपात आलेलं दूध म्हणजे तुमच्या अंगात असलेलं दूध, हा हिशेबच चुकीचा आहे. अंगावर नीट ओढणारं बाळ जेवढं दूध घेतं तेवढं पुष्कळदा कुठल्याच यंत्राला जमत नाही.

घाईत केलेली खरेदी

हल्ली डोहाळजेवणाला पंप भेट द्यायची पद्धत पडली आहे. प्रेमापोटी देतात, पण पंप कपड्यासारखा अंदाजाने घ्यायची वस्तू नाही. बाळ अंगावर नीट पीत असेल आणि आई घरीच असेल तर पहिले महिना-दीड महिना पंपाची गरजच पडत नाही. उगीच रिकामं करत बसलं की शरीराला वाटतं जुळं आहे, आणि दूध इतकं चढतं की गाठी होतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक तर यंत्राने काढायच्या भानगडीत पडूच नका. तो थेंब-थेंब आणि घट्ट असतो, पंपाच्या भांड्याला चिकटूनच वाया जातो. हाताने दाबून चमच्यात काढलेला चीक बाळाला मिळतो. बाळ काचेच्या पेटीत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पहिल्या काही तासांतच हाताने सुरुवात करून, मग पंपाने, दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी दूध काढावं लागतं, आणि त्यातली एखादी वेळ रात्रीची हवीच.

मेडिकलमध्ये मागे रबरी फुगा असलेला, गाडीच्या जुन्या भोंग्यासारखा पंप काही ठिकाणी अजून मिळतो. तो घेऊ नका. ओढ किती बसते यावर ताबा राहत नाही, आणि दूध फुग्यात शिरलं की तो आतून धुताच येत नाही. आठवड्यातून एक-दोनदाच लागणार असेल तर दांडा दाबायचा हाताचा पंप पुरतो. रोज नोकरीला जाणार असाल तर दोन्ही बाजूंना एकदम लागणारा विजेचा पंप घ्या, निम्मा वेळ वाचतो. घेण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: लहान मापाचे फ्लँज (छातीला लावायची नरसाळी) मिळतात का, व्हॉल्व्ह (आतले चोचीसारखे सिलिकॉनचे छोटे तुकडे) सुटे मिळतात का, आणि लाइट गेली तर बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर चालतो का. तिसरा प्रश्न आपल्याकडे विसरून चालत नाही.

जाऊबाईंचा किंवा मैत्रिणीचा वापरलेला पंप घेताना जपून. ज्या पंपात दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा नसतो, त्यात दुधाची वाफ नळीतून मोटरपर्यंत जाते आणि आत बुरशी धरते. ती बाहेरून दिसत नाही आणि उकळून जात नाही.

सगळ्यात मोठी चूक: फ्लँजचं माप

छातीला लावायचा नरसाळ्यासारखा भाग म्हणजे फ्लँज. खोक्यात बहुतेक वेळा 24 किंवा 28 मिलिमीटरचा येतो, आणि आपण समजतो तोच सगळ्यांचा. पुष्कळ बायकांना त्याहून लहान लागतो. माझं माप निघालं 16 आणि मी लावत होते 24.

माप असं घ्या. मुलांच्या कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी चालते. पंप लावायच्या आधी, पाजून झाल्यावर लगेच नाही, स्तनाग्राच्या बुडाशी आडवी रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. भोवतीचा काळसर भाग त्यात धरायचा नाही. गफलत होते ती इथेच. आलेल्या आकड्यात 1 ते 3 मिलिमीटर मिळवा. डाव्या-उजव्या बाजूचं माप वेगळं निघालं तर घाबरू नका, तसं असतं. नवा फ्लँज मिळत नसेल तर मोठ्या फ्लँजच्या आत बसणारी सिलिकॉनची रिंग मिळते. मी 19 ची रिंग बसवली.

मग आरशासमोर बसून पाहा. पंप चालू असताना स्तनाग्र फ्लँजच्या नळीच्या मधोमध मोकळं पुढेमागे सरकायला हवं. काळसर भाग आत ओढला जात असेल तर फ्लँज मोठा आहे. स्तनाग्र कडेला घासत असेल, पंप काढल्यावर पांढरंफटक पडत असेल किंवा टोकाला जळजळत असेल, तर बहुधा लहान आहे. दिवस जातात तसं मापही बदलतं, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पट्टी लावा.

जोर वाढवला म्हणून दूध वाढत नाही

माझ्या माहेरी गोठा होता. धार काढायच्या आधी वासरू सोडायचं, ते दोन ढुशा द्यायचं, मग गाय पान्हवायची. अनोळखी माणूस चरवी घेऊन बसला की तीच गाय पान्हा चोरायची. कितीही जोरात आचळं ओढा, धार लागायची नाही. बाईच्या शरीराचंही तसंच आहे. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे, आणि दुखलं, भीती वाटली, दाराशी कुणी खाकरलं की तो अडतो. बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन दात आवळून बसलेली बाई स्वतःचाच पान्हा अडवत असते.

बहुतेक विजेच्या पंपांना दोन चाली असतात. आधी हलकी आणि भरभर, म्हणजे वासराच्या ढुशा. एक-दोन मिनिटांत अंगात झिणझिण्या येतात किंवा धार दिसते. मग हळू आणि खोल चालीवर या. जोर एकेक पायरी वाढवत न्या, टोचायला लागला की एक पायरी खाली या. तीच तुमची पायरी. धार थांबली की लगेच बंद करू नका, पुन्हा दोन मिनिटं हलकी चाल लावा, बऱ्याचदा दुसरा पान्हा येतो. एकूण पंधरा-वीस मिनिटं पुरे.

मी पर्समध्ये मुलीचं न धुतलेलं झबलं ठेवायचे. त्याचा वास आणि मोबाइलवरचा तिचा हसतानाचा व्हिडिओ, एवढ्यावर पान्हा फुटायचा. सुरू करण्याआधी गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटं छातीवर धरला तर आणखी सोपं जातं. आणि बाटलीकडे बघत बसू नका, तिच्यावर पायमोजा घाला.

कालपर्यंत चालत होता, आज ओढ नाही

अशा वेळी आधी व्हॉल्व्ह पाहा. चोचीसारखा तो छोटा सिलिकॉनचा तुकडा उजेडात धरा. चोचीची फट नुसती धरल्यावरही उघडी दिसत असेल किंवा कडेला चीर असेल तर तो संपला. रोज तीन-चार वेळा पंप वापरणारीला तो एक-दोन महिन्यांनी बदलावाच लागतो. आतून बोट घालून घासू नका, फट त्यानेच रुंदावते. मग पडदा नीट बसलाय का, नळी दोन्ही टोकांना घट्ट आहे का, बॅटरी उतरलीय का हे बघा. माझ्या शेजारणीने नवा पंप मागवायची तयारी केली होती. तिचा व्हॉल्व्ह बदलला आणि पंप पूर्ववत झाला.

सांगलीचा उन्हाळा आणि काढलेलं दूध

काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते चार तास साधारण 25 अंशांपर्यंतचे. मार्च ते मेमध्ये आपल्याकडे पारा 40 च्या आसपास जातो, आणि एसटीत तर अंगाची लाही होते. त्या दिवसांत चार तासांवर विसंबू नका. जाड अस्तराची पिशवी आणि रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवलेल्या दोन-तीन बर्फाच्या पिशव्या बाटलीला खेटून ठेवा, त्यात दूध 24 तासांपर्यंत राहतं.

घरी फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने. दाराच्या कप्प्यात ठेवू नका, आत मागच्या बाजूला ठेवा. ताजं कोमट दूध थंड दुधात थेट ओतू नका, आधी गार करा. लाइट बराच वेळ जाणार असेल तर फ्रीज उघडूच नका. वितळलेलं दूध पुन्हा गोठवायचं नाही, फ्रीजमध्येच ठेवून पूर्ण वितळल्यापासून 24 तासांत संपवायचं.

दूध उकळू नका, ही सूचना घरच्या मोठ्यांना आवर्जून सांगा. गाईचं दूध तापवायचं, हे हाताला इतकं सवयीचं असतं की पहिल्या आठवड्यात माझं सगळं दूध पातेल्यात तापवलं गेलं होतं. गरम पाण्याच्या वाटीत बाटली धरून कोमट केलं की झालं. वर साय धरल्यासारखा थर येतो, ते दूध नासलेलं नसतं, हलकेच फिरवलं की मिसळतं. कोमट केलेलं दूध दोन तासांत संपवा, उरलेलं टाका. बाटलीऐवजी बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजा, आमच्या आईने तसंच पाजलं आणि मुलगी संध्याकाळी अंगावर प्यायला कधी कुरकुरली नाही.

शिळं दूध पाजतेस असं कुणी म्हणालं तर सांगा, मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 पासून मातृदुग्धपेढी चालते, आशियातली पहिली. तिथे दुसऱ्या आयांनी दिलेलं, पाश्चराइज करून गोठवलेलं दूध अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात.

धुण्याबाबत थोडक्यात: दूध लागलेले भाग प्रत्येक वेळी वेगळ्या पातेल्यात साबणाने धुवा, बेसिनमध्ये टाकू नका. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा. पदराने पुसू नका, स्वच्छ कापडावर वाळू द्या. मोटरला जोडणारी नळी धुवायची नसते. तिच्यात वाफ दिसली तर नुसती नळी लावून पंप दोन-तीन मिनिटं चालवा.

मिली मोजत बसणं

बाळाला पाजून लगेच पंप लावला तर 15 ते 60 मिली येणं हे चांगलंच आहे. एक पाजणं चुकल्यावर दोन्ही बाजूंचं मिळून 60 ते 120 मिली. व्हॉट्सॅपवर कुणी 250 मिलीच्या बाटलीचा फोटो टाकला म्हणून मन खाऊ नका. पहाटे जास्त येतं, दुपारनंतर कमी, हेही नेहमीचं. आपलं दूध पुरतंय की नाही हे बाळाचं वजन आणि दिवसाला निदान सहा ओल्या लंगोट्या यांवरून कळतं.

कामाच्या ठिकाणी पंपाची वेळ चुकवू नका. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुटीखेरीज पाजण्यासाठी दोन वेळा सुटी धरलेली होती; तीच तरतूद आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मुख्याध्यापकांना ते दाखवून मी दाराला आतून कडी असलेली खोली मागून घेतली. प्रवासात एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहे का ते विचारा. बंद असेल तर किल्ली मागा, संकोचू नका.

एखादी जागा लाल, गरम आणि दुखरी झाली तर पंप वाढवून गाठ फोडायला जाऊ नका, रगडूही नका. बाळाला नेहमीसारखं पाजत राहा, मधे थंड शेक द्या. ताप भरला, किंवा एका दिवसात उतार पडला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.