घरच्या केगमधून नुसता फेस येतोय? या चुका टाळा

मे महिन्यातली संध्याकाळ, गच्चीवर पाच-सहा जण, आणि मी मोठ्या ऐटीत केगचा, म्हणजे बिअरच्या पिंपाचा, नळ खाली ओढला. ग्लासात तळाला तीन बोटं बिअर, वर सगळा फेस. मित्र म्हणाला, "भावा, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आलोय व्हय आपण?" कोल्हापुरातल्या त्या कट्ट्यावर मिळणाऱ्या म्हशीच्या धारोष्ण दुधावर तो फेस शोभतो. इथं निम्मा केग बादलीत गेला.

त्यावेळी मी जे केलं तेच बहुतेक जण करतात. फेस जास्त येतोय म्हणजे गॅस जास्त झाला, असं समजून सिलेंडरमधल्या गॅसचा दाब ठरवणारा रेग्युलेटर 12 पीएसआयवरून (पीएसआय हे दाबाचं माप) 6 वर आणला. फेस आणखी वाढला. कारण बिअरमध्ये विरघळलेला गॅस दाबामुळेच आत थांबलेला असतो. दाब काढला की तो नळीतच सुटायला लागतो. पारदर्शक नळीकडं नीट बघा, बुडबुड्यांचे तुकडे चाललेले दिसतील. ते दिसले की रेग्युलेटरला हात लावायचा नाही, थर्मामीटर शोधायचा.

माझ्या फ्रिजची चकती 4 अंश दाखवत होती, बिअर निघाली 9 अंशांची. चकतीवर विश्वास ठेवू नका. पाण्याचा ग्लास रात्रभर फ्रिजात ठेवा आणि सकाळी त्या पाण्याचं तापमान मोजा. नेहमीच्या लागर बिअरला 3 ते 4 अंश तापमान आणि 11-12 पीएसआय दाब जमतो. तीच बिअर 9 अंशांवर असेल, तर तेवढाच गॅस आत धरायला 16 च्या वर दाब लागतो. म्हणजे 12 वर ती फेसाळणारच, त्यात केगचा दोष नाही. आणखी एक बारीक गोष्ट: दाबाचे तक्ते समुद्रसपाटीला धरून केलेले असतात. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणून इथं तक्त्यातल्या आकड्यात एक पीएसआय वाढवा.

केग घरी आला की लगेच जोडायचा मोहही आवरा. गाडीत हिंदकळलेला, कोमट झालेला केग थंड व्हायला आणि स्थिरावायला एक अख्खा दिवस-रात्र लागते. पाहुणे रविवारी येणार असतील तर केग शनिवारी सकाळीच फ्रिजात गेलेला असावा. तरीही पहिला ग्लास फेसाळला आणि दुसरा नीट आला, तर फ्रिजबाहेरचा नळाचा खांब तापलेला आहे असं समजा. फ्रिजातली थंड हवा त्या खांबात ढकलणारा छोटा पंखा बसवला की काम होतं.

नळीच्या लांबीकडं कुणी बघतच नाही. सुटसुटीत दिसते म्हणून दोन फूट नळी लावली की बिअर पिचकारीसारखी सुटते. 5 मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी घ्या आणि 8 ते 10 फूट ठेवा, केगवर गुंडाळून. ओतताना नळ पूर्ण उघडायचा. जपून अर्धा उघडला तर त्या फटीतच फेस तयार होतो.

आता सिलेंडर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंगचा गॅस सहज मिळतो, पण तो पिण्याच्या कामाचा नाही. खाद्य दर्जाचाच कार्बन डायऑक्साइड घ्या. सिलेंडर उभाच ठेवा. आडवा केला तर आतला द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. आत किती उरलंय हे दाबाच्या काट्यावरून कळत नाही, कारण द्रव संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही. वजन करूनच बघा. रात्रीत सिलेंडर रिकामा झाला तर गॅसवाल्याला बोल लावण्याआधी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बहुतेक वेळा कपलरमधला, म्हणजे केगच्या तोंडावर बसणाऱ्या जोडातला, वाळलेला वायसर सापडतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो, म्हणून सगळा संच बंद खोलीत नको.

केगच्या तोंडातला दांडा उघडायच्या भानगडीत मात्र कुणीच पडू नका. दाबाखाली तो उडून थेट तोंडावर येतो.

हातपंप लावून काम भागवणाऱ्यांना एकच सांगतो: पंप आत हवा ढकलतो, त्यामुळं केग त्याच दिवशी संपवावा लागतो. दुसऱ्या दिवशी बिअर उतरलेली असते.

बिअरला लोण्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर आधी नळी आणि नळ तपासा. दर पंधरा दिवसांनी नळी धुण्याच्या अल्कली द्रावणानं दोन्ही धुवायचे, नळ सुटा करून. हातमोजे घाला. हाताला लागणारा बुळबुळीतपणा जाईपर्यंत साधं पाणी सोडत राहा. नळाच्या आतला काळसर थर मी पहिल्यांदा बघितला, त्या दिवशी मला बिअर गेली नाही.

कायद्याचंही बघा. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 पूर्ण लागतं आणि पिण्याचा परवानाही. घरी बिअर गाळणं हा तर वेगळाच गुन्हा.

सगळं जमलं तरी आमच्याकडं एक खास, उलटी अडचण उरते. ज्या घासणीनं तांबड्या रश्श्याचं पातेलं घासलं, तिनंच ग्लास घासला, तर फेस दोन मिनिटांत बसतो. तुपाचा, तेलाचा पुसटसा थरही पुरतो. बिअरच्या ग्लासांची घासणी वेगळी ठेवा, फडक्यानं न पुसता ते उपडे वाळवा आणि ओतायच्या आधी गार पाण्यानं विसळा. मग ग्लास तिरका धरून ओता. आणि मटणाच्या ताटावर बसलेल्या पाहुण्याचा फेस विरला तर दोष केगचा नाही, त्याच्या मिशांवरच्या तर्रीचा आहे.