उजनीच्या पाण्यावर होडीत बसताय? या चुका टाळा

21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उजनी धरणाच्या पाण्यात उलटली. दोन लहान मुलांसह सहा जणांचा जीव गेला, एक जण पोहत काठाला लागला. हे काही हौसेनं निघालेले पर्यटक नव्हते. दोन्ही काठच्या गावांची ती नेहमीची जा-ये आहे.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘पाऊस आला की परतू’ हा हिशेब. वळवाच्या ढगातून पाऊस खाली येतो, तेव्हा त्याच्यासोबत गार हवाही जोरात खाली आदळते आणि चारी दिशांना फाकते. ही हवा पावसाच्या पुढे धावते, म्हणजे पहिला थेंब पडेपर्यंत होडी लाटांत सापडलेली असते. एप्रिल-मेमध्ये दुपारभर उकडून वारा अगदी पडला आणि मग अचानक गार झुळूक लागली, की काठावरचा माणूस ‘हुश्श’ करतो. होडीतल्या माणसानं होडीचं तोंड काठाकडे फिरवायचं. पलीकडच्या काठावर धुळीचा लोट उठला किंवा पाण्यावरून काळपट पट्टा सरकत येताना दिसला, तर हातात मोजकी मिनिटं आहेत. अशा वेळी सगळ्यात जवळचा काठ गाठा, गाडी कुठे लावली आहे ते नंतर बघता येईल.

दुसरी फसगत काठावरच होते. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल तर काठालगत पाणी संथ दिसतं. लाटेला वाढायला मोकळं पाणी लागतं आणि बॅकवॉटरच्या मध्यावर ते मैलोनमैल मिळतं. म्हणून पायाजवळचं पाणी बघून निघू नका. झाडांचे शेंडे बघा, लांबच्या पाण्यावर पांढरा फेस दिसतो का ते बघा आणि पलीकडच्या गावात कुणाला तरी फोन लावा. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. गडगडाट ऐकू आला की निघायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

लाईफ जॅकेट बसायला उशी म्हणून वापरणारे महाभाग भरपूर. अंगात घालून पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर पाण्यातही सरकणारच. लहान मुलांना पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचंच घाला. मापाचं नसेल तर मूल काठावर ठेवा, रडू दे.

हिवाळ्यात उजनीच्याच काठावर पक्षी बघायला लोक जातात त्या भिगवण-कुंभारगावला वारा सहसा गुण्यागोविंदानं वागतो, पण तिथे कॅमेरे घात करतात. फ्लेमिंगोंचा थवा उठला की सगळे एकाच कडेला उभे! फोटो बसूनच काढा. पहाटे धुकं असेल तर ते विरेपर्यंत चहा घ्या.

आता लाटांत सापडलातच तर. सगळ्यांनी फळीवरून उतरून तळाशी बसायचं, वजन मधोमध. होडीचं तोंड लाटेला जरा तिरकं ठेवायचं आणि वेग कमी करायचा. लाट आडवी बसली की होडी कलंडते. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात मासेमारीचं जाळं अडकून इंजिन थांबलं तर नेमकं हेच होतं, होडी आपोआप आडवी होते. तेव्हा पाणी उपसायची बादली लांब दोरीला बांधून तोंडाकडून पाण्यात सोडा. ती ओढ देते आणि तोंड वाऱ्याकडे राहतं. मगच इंजिन बंद असल्याची खात्री करून जाळं कापा. म्हणजे होडीत दोरी, बादली आणि सुरी हवीच. निघायच्या आधी नावाड्याला ती दाखवायला सांगा. राग आला तर येऊ दे.

होडी उलटलीच तर तिला धरून राहा. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो आणि लाटांत पट्टीच्या पोहणाऱ्याचाही दम तुटतो. काठावर असाल तर बुडणाऱ्यासाठी उडी टाकू नका. दोरी, रिकामा कॅन, गाडीची ट्यूब, जे हाताशी असेल ते फेका आणि 112 वर फोन करा. होडी कुठून निघाली होती आणि वारा कोणत्या दिशेला वाहतोय, हे आधी सांगा. शोधणाऱ्यांना त्यावरून होडी कुठे वाहत गेली असेल त्याचा अंदाज बांधता येतो.