उताऱ्याची मांडणी शिकवताना या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलेय)

तिसरी-चौथीच्या मुलांना माहितीचा उतारा दिला की ती वाचतात छान, खडाखडा वाचतात, आणि वाचून झाल्यावर काय होतं उताऱ्यात म्हणून विचारलं की पहिलं वाक्य सांगून गप्प. सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या शाळेत मी घाटावरून बदली होऊन आले तेव्हा मला वाटलं शब्दच कळत नसतील. पण तसं नव्हतं. शब्द कळत होते, उतारा कसा रचलाय ते दिसत नव्हतं. मग वर्णन, क्रम, तुलना, कारण-परिणाम, समस्या-उपाय हे पाच प्रकार शिकवायला घेतले आणि पहिल्याच महिन्यात माती खाल्ली.

खूणशब्दांचा तक्ता लावून मोकळं होणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून यावर जरा जास्त बोलते. मी रंगीत तक्ता केला, 'म्हणून, कारण, मुळे' आले की कारण-परिणाम, 'आधी, नंतर, पहिला' आले की क्रम, 'पण, मात्र' आले की तुलना. मुलं खूश, कारण उतारा वाचायचीच गरज नाही, शब्द शोधा आणि गोल करा. पुढच्या आठवड्यात वाक्य आलं, 'हापूस आंबा फळांचा राजा म्हणून ओळखला जातो.' अर्ध्या वर्गाने 'म्हणून'ला गोल केला आणि खाली लिहिलं कारण-परिणाम! त्याहून भारी पुढे, खाडीच्या उताऱ्यात 'तिवराची मुळे चिखलातून वर आलेली दिसतात' असं होतं आणि एका मुलीने त्यातल्या 'मुळे'ला गोल केला. मी हसले, पण चूक तिची नव्हती ना, माझ्या तक्त्यावर 'मुळे'च लिहिलेलं होतं.

तारखांचंही तेच. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम 1664 ला सुरू झालं, 1667 ला पुरं झालं, कुरटे बेटावर आहे, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, शिवराजेश्वराचं देऊळ आहे. हे सगळं वर्णनच, पण दोन साल दिसली की मुलांचं उत्तर 'क्रम'.

मग करायचं काय? तक्ता फाडू नका, पण उलटा वापरा. आधी पोरांना विचारायचं, हा उतारा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय? कसं आहे, कसं करतात, का झालं, दोघांत फरक काय, अडचण आली तर केलं काय. प्रश्न सापडला की मग खूणशब्द बघायचा, तोसुद्धा पुरावा म्हणून. माझ्याकडे आता तक्त्यावर शब्द नाहीतच, हे पाच प्रश्न आहेत फक्त.

अजून एक साधी टेस्ट आहे, कात्री लागते. उताऱ्यातली वाक्यं कापून पट्ट्या करा आणि ढवळा. किल्ल्याच्या पट्ट्या थोड्या वरखाली लावल्या तरी चालतं, आधी विहीर सांगा की आधी देऊळ, काही बिघडत नाही. पण आमसुलं कशी करतात त्या उताऱ्याच्या पट्ट्या ढवळून बघा. रातांबे (कोकमाची फळं) फोडायचे, बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, परत बुडवायच्या, परत वाळवायच्या. एकाने वाळवणं आधी लावलं आणि फोडणं नंतर, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आये मारतली!" त्या दिवशी क्रम म्हणजे काय ते मला वेगळं शिकवावंच लागलं नाही.

पाचही प्रकार एका आठवड्यात

नका करू. क्रमापासून सुरुवात करा, तोच दोन आठवडे चालू दे, मग वर्णन, मग तुलना. कारण-परिणाम आणि समस्या-उपाय शेवटी, आणि तेही लागोपाठ नको कारण मुलं नेमकी याच दोघांत गोंधळतात.

तो गोंधळ माझाही व्हायचा, खोटं कशाला बोलू. वनराई बंधाऱ्याचा उतारा घ्या. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तरी एप्रिल-मे मध्ये वाड्यांवर पाण्याची बोंब, का तर जमीन उताराची, खाली जांभा, पाणी मुरून-वाहून समुद्राला जातं. इथपर्यंत कारण-परिणाम. पुढच्या परिच्छेदात, पाऊस संपला की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वहाळ म्हणजे ओढा अडवतात आणि विहिरींना पाणी टिकतं. आता झालं समस्या-उपाय. मुलं पहिल्या परिच्छेदावरच उत्तर लिहून वही मिटायची. मी आता दोनच गोष्टी विचारते, त्रास कोणाला होतोय, आणि त्यावर कोणी काही केलं का? केलं असेल तर समस्या-उपाय, नुसतं 'का' सांगून थांबलं असेल तर कारण-परिणाम. अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात, आंबोलीला धो धो पडतात आणि पलीकडे माणदेश कोरडा राहतो, यात उपाय कोणी केलेलाच नाही. (माझं माहेर त्या कोरड्या बाजूचं, त्यामुळे हा उतारा शिकवताना मी जरा जास्त वेळ घेते ते सोडा.)

एकच बरोबर उत्तर धरून बसणं

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, कारण माशांच्या विणीचा काळ आणि दर्या खवळलेला. यावर वर्गात दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणे कारण-परिणाम, दुसरी म्हणे मासळी कमी होते ही समस्या आणि बंदी हा उपाय. मी आधी गाईड बघून एकाला चूक दिली असती. आता भांडू देते, फक्त अट एकच, बोट उताऱ्यातल्या वाक्यावर ठेवून भांडायचं. खरे उतारे मिश्रच असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या कासवांचा उतारा घ्या, पहिला परिच्छेद कासव कसं दिसतं, दुसऱ्यात अंडी घालण्यापासून पिल्लं पाण्यात जाईपर्यंत, तिसऱ्यात कोल्हे-कुत्री अंडी खातात म्हणून घरटी कुंपणात हलवतात. अख्ख्या उताऱ्याला एक लेबल मागू नका, परिच्छेदागणिक विचारा.

तुलना म्हणून दोन याद्या

बांगडा आणि पापलेट यांची तुलना लिहा म्हटलं की मुलं आधी बांगड्याची माहिती लिहितात, मग पापलेटची, संपलं. मुद्दा ठरवून द्या. आकार, काटे, भाव. बांगडा लांबट गोल, पापलेट चपटं, असं एकाच मुद्द्यावर दोघांना शेजारी बसवायचं. मुद्दे मुलांकडूनच काढा, मला भाव सोडून काही सुचलं नव्हतं, काट्यांचं त्यांनीच सांगितलं.

बाकी किरकोळ चुका पटापट सांगते. गोष्टींवर हे शिकवू नका, ससा-कासवात तुलना शोधायला लावली की पोरं कथा आणि माहिती दोन्हीत घोळ घालतात. आकृत्यांच्या झेरॉक्स वाटत बसू नका, ओसरीवर खडूने बाण काढा आणि मुलांना त्यावर उभं करा. आणि 'प्रकार ओळखा' एवढाच प्रश्न घालू नका. बॉनी मेयर या अमेरिकन बाईंचं 1975 पासूनचं जे काम यामागे आहे ते मुळात वाचलेलं लक्षात किती आणि कसं राहतं याच्यावर होतं, नावं ओळखण्यावर नाही. तेव्हा नाव चुकलं पण वही मिटून सगळं नीट सांगता आलं तर मी मार्क देते, उलटं असेल तर नाही देत.

शेवटची चूक म्हणजे लिहायला न लावणं, आणि लिहिलं की भाषा तपासत बसणं. चौथीतल्या एकाने बाबा जाळं कसं शिवतात ते लिहून आणलं, 'मगे' (आमच्याकडचं 'मग') नऊ वेळा. आधीची मी असते तर नऊ लाल गोल केले असते. मी त्याला म्हटलं सगळे 'मगे' झाक आणि वाच, कुठलं आधी कुठलं नंतर कळतंय का बघ. त्याने बोटाने झाकत झाकत वाचलं, एका जागी अडला, म्हणाला, "बाई, हयसर एक ऱ्हवूचो." तो एक ठेवला आम्ही.