फोमच्या हरणावर बाण चुकतोय? ॲलन की काढण्याआधी या चुका टाळा

आधी एक विषय मिटवून टाकतो, कारण दर उन्हाळ्यात तो निघतोच. नवंकोरं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य घेतलेला माणूस येतो, चार बाण मारतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "सर, यानं खरं हरीण पडंल का हो?" पडेल की. पाठोपाठ तुम्हीही आत जाल. काळवीट आणि चिंकारा, आपल्याकडं माळावर दिसणारी दोन्ही जनावरं, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मारलं तर तीन ते सात वर्षांची शिक्षा. बीड, लातूर, धाराशिवकडं काळविटांचे कळप हरभऱ्यात आणि उगवत्या सोयाबीनमध्ये घुसून काय करतात हे मला माहीत आहे, रान माझंही आहे. त्यावर वनखात्याकडं भरपाईचा अर्ज करायचा आणि पंचनाम्यासाठी मागं लागायचं. धनुष्याचा तिथं काही संबंध नाही.

हा लेख फोमच्या हरणाबद्दल आहे. थ्री-डी तिरंदाजीत रानात ठिकठिकाणी प्राण्यांचे पुतळे उभे करतात. अंगावर वर्तुळं असतात, पण बारीक रेघांची, लांबून न दिसणारी. मधल्या छोट्या वर्तुळाला 11, त्याच्या भोवतीच्याला 10, मग 8 आणि उरलेल्या अंगाला 5 गुण. अंतर कुणी सांगत नाही, रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, चालत नाही. उभं राहायच्या जागी खुंटी ठोकलेली असते. लाल खुंटीवरून जास्तीत जास्त 45 मीटर, निळ्या खुंटीवरून 30. मोजलेल्या मैदानावर 50 मीटरला निशाणाच्या मधल्या पिवळ्यात बाण घालणारी पोरं इथं येऊन हरणाच्या पायातून बाण काढतात आणि मग सगळ्यात पहिला हात जातो साइटला, म्हणजे धनुष्यावरच्या नेम साधायच्या पट्टीला.

बाण चुकला की साइट फिरवणं

या एका सवयीनं मला जेवढा वैताग दिलाय तेवढा कशानंच दिला नसेल.

एक गृहस्थ होते, ठिबकच्या पाइपचं दुकान, माणूस दिलदार. मुलाला शिकवायला म्हणून आले आणि स्वतःच अडकले. डोंगराच्या पायथ्याला बाभळीखाली आमचं हरीण उभं होतं, तोंड उजवीकडं. पहिला बाण वर्तुळाच्या डावीकडं, पोटात. लगेच ॲलन की, म्हणजे साइटचे स्क्रू फिरवायची किल्ली, बाहेर. बाण डावीकडं गेला ना, मग साइट उजवीकडं न्यायची, असा साधा हिशेब त्यांनी केला. दुसरा बाण मांडीत. साइट आणखी उजवीकडं. तिसरा शेपटीमागून सरळ बोरीच्या जाळीत. "सर, ही साइटच फॉल्टी दिलीय मला. परत पाठवतो." आणि खरंच मोबाइल काढून तक्रार टाइप करायला लागले.

साइट बाणाच्या मागं जाते. बाण डावीकडं लागला तर साइट डावीकडं, खाली लागला तर खाली. उलटं केलं की चूक दुप्पट होते. पण हे सांगूनही मी त्यांना साइट हलवू दिली नाही. ती मूळ खुणेवर आणली आणि म्हटलं, आता काही न फिरवता तीन मारा. एक खांद्यात, एक पोटात, एक पोटाखालून मातीत. तीन बाण तीन दिशांना. आता सांगा, साइट कुणीकडं फिरवायची?

तीन बाण जवळजवळ लागले, पण भलत्या जागी, तर साइट बघा. तीन बाण विखुरले तर स्वतःला बघा. साइटबद्दलचं माझं सगळं ज्ञान एवढंच आहे आणि ते आजवर पुरलंय.

शेठजींचा घोटाळा डाव्या हातात होता. मोटरसायकलचं हँडल धरावं तशी ग्रिप आवळलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली. बाण सुटला की मनगट पिळायचं आणि प्रत्येक वेळी वेगळं पिळायचं. ग्रिपला फक्त अंगठ्याच्या मुळाची गादी टेकली पाहिजे, पेरं तिरपी, 45 अंशांत, आणि बोटं सैल. धनुष्य पडेल अशी भीती वाटते म्हणून मनगटाला अडकवायची स्लिंग असते. ती दीडशे-दोनशे रुपयांची दोरी लावायची सोडून लोक हजारोंची साइट बदलतात.

ज्या देशांत परवाना काढून धनुष्यानं हरणाची शिकार करता येते, उदाहरणार्थ अमेरिकेत व्हाइटटेल हरणाची, तिथले जाणते शिकारी बाण लागल्यावर पळत सुटत नाहीत. आधी बाण शोधतात आणि बघतात. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत. हिरवट आणि घाण वास म्हणजे पोट. पोटात लागलं असेल तर कित्येक तास थांबतात, कारण घाईनं मागं लागलं तर जखमी जनावर उठून आणखी लांब जातं आणि कुठंतरी हालहाल होऊन मरतं. थ्री-डीतलं वर्तुळ पुढच्या पायामागं असतं ते त्यामुळंच. फुप्फुस आणि हृदयाची जागा ती. आपल्या हरणाला रक्त नाही, पण बाण इथंही बोलतो. सगळ्या बाणांची शेपटं एकाच बाजूला झुकलेली असतील तर धनुष्याचं ट्यूनिंग (जुळणी) किंवा बाणाचा कडकपणा तपासा. चारी दिशांना असतील तर रिलीज, म्हणजे दोरी सोडायची पद्धत, तपासा. म्हणून पुतळ्याजवळ गेल्यावर लगेच बाण उपटू नका, आधी बघा. माझ्याकडं तर नियमच आहे, गुण लिहिल्यावरसुद्धा मी म्हणेपर्यंत बाणाला हात लावायचा नाही.

दुसरी सवय. हरणाचं एक चित्र काढून त्याच्या झेरॉक्स मारून ठेवल्यात. प्रत्येक बाणाचा ठिपका चित्रावर काढायचा. मात्र बाण सुटल्याबरोबर, दुर्बीण लावण्याआधी, पोरानं तोंडानं सांगायचं, "खाली गेला", "डावीकडं ओढला". सांगितलेलं आणि लागलेलं जुळलं तर ठिपक्याला गोल करायचा. महिन्याभरात कागद भरला की पोराचं पोरालाच कळतं. ज्याचे गोल जास्त, त्याची प्रगती होतेच. आणि ॲलन की माझ्या खिशात. सलग तीन फेऱ्यांचे ठिपके एका जागी दिसल्याशिवाय ती कुणाला मिळत नाही, मग बाप आमदार का असेना.

अंतर डोळ्यांवर सोडणं

मैदानावर वाढलेल्या पोरांची ही हमखास चूक, आणि जितका पोरगा हुशार तितकी मोठी.

आमच्यातल्या एका चांगल्या पोरासाठी मी मुद्दाम ओढ्यापलीकडं हरीण लावलं. ओढा खोल, पात्र खुंटीवरून दिसत नव्हतं, दिसत होती फक्त अलीकडची आणि पलीकडची कड. पोरानं एक नजर टाकली, तीस म्हणाला आणि तीसची पिन, म्हणजे साइटवरचा तीस मीटरचा ठिपका, लावून मोकळा. बाण चार पायांच्या मधून काळ्या दगडावर, आणि कार्बनचा चुरा. "सर, बाणच वाकडा होता." दुसऱ्या बाणाला पुन्हा तीसची पिन, फक्त या वेळी जरा वर धरली. हरणाच्या गुडघ्यात. टेपनं मोजलं तर अंतर 38 भरलं.

मधली जमीन दिसत नसली की लांबची वस्तू जवळ वाटते. कडक ऊन वस्तूवर पडलं तरी तसंच. उलट दाट सावलीत, किंवा झाडांच्या दोन ओळींमधून लांबवर बघताना, वस्तू लांब वाटते. पुतळा लहान असेल तर आणखी फसगत, कारण डोळा त्याला मोठं जनावर समजून लांब ढकलतो. ही यादी पाठ करून काही होत नाही. चालावं लागतं. आपल्याकडच्या प्रत्येक पोराच्या डोळ्यात एक माप पक्कं बसलेलं असतं, क्रिकेटची पिच. 22 यार्ड म्हणजे 20 मीटर आणि वर बोटभर. खुंटीपासून पहिली पिच कुठल्या दगडापाशी संपते ते ठरवा, तिथून दुसरी टाका. मधे ओढा असेल तर ओढ्याच्या बाजूनं, जिथं जमीन दिसते तिथून पिच टाकत जा. मी सकाळी दूध घालायला जाताना विजेच्या खांबांचे अंदाज बांधतो आणि पावलांनी तपासतो. लोक हसतात. हसू द्या.

चढ-उतारावर एक गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात उलटी बसते. वर मारा नाहीतर खाली, पूर्ण अंतराची पिन लावली की बाण दोन्हीकडं उंचच जातो. बाणाला खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण आडव्या अंतराचा हिशेब करतं. 40 मीटरवरचं हरीण 30 अंशांच्या उतारावर असेल तर पिन साधारण 35 ची. बालाघाटाच्या डोंगरात सराव करणाऱ्यांनी हे हातावर लिहून ठेवावं. आणि कमरेतून वाका, हात वरखाली करू नका. हातानं नेम साधला की अँकर, म्हणजे दोरी ओढलेला हात गालाशी टेकतो ती जागा, सुटतो.

अख्खं हरीण बघणं

हरणावर मारलं की हरणाला कुठंतरी लागतं, म्हणजे 5 गुण. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेनं वर जा, छातीच्या उंचीचा खालचा तिसरा हिस्सा संपतो तिथं एक डाग, चीर, जुन्या बाणाचं भोक, काहीतरी पकडा आणि तेवढंच बघा. शिकारीचे व्हिडिओ बघून आलेल्यांचा यात वेगळा गोंधळ होतो. तिरप्या उभ्या हरणाला ते पलीकडच्या पायाच्या अंदाजानं, बरगड्यांच्या मागून मारतात, कारण खऱ्या जनावरात बाण आत शिरून फुप्फुसापर्यंत जायचा असतो. फोमला आत काही नाही. गुण कातडीवरच्या वर्तुळाचे मिळतात, तिथंच मारा.

झेपत नाही ते धनुष्य घेणं

ओजस देवतळेनं 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम सामन्यात 150 पैकी 150 मारले, तिथंच साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली. तेव्हापासून कंपाउंडसाठी फोन वाढले. आनंद आहे. पण फोनवरचा पहिला प्रश्न असतो, "किती पाउंडाचं घेऊ, साठ चालेल का?" पाउंड म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला आणि धनुष्य आभाळाकडं न नेता सरळ ओढून दाखवा. थरथर झाली तर पाउंड कमी करा. यात इज्जतीचा प्रश्न नाही. जड धनुष्य ओढताना दम लागतो, दम लागला की बाण लवकर सोडावासा वाटतो, आणि एकदा ती घाई अंगात भिनली की पिन वर्तुळाला टेकताच बोट आपोआप दोरी सोडायच्या उपकरणाचा ट्रिगर हाणतं. पुढं तर पिन वर्तुळापर्यंत पोचतच नाही, खालीच गोठते. हा रोग लागायला हंगाम पुरतो आणि जायला वर्ष. त्याला माझ्याकडं एकच औषध, चिंध्यांनी गच्च भरलेली पोती तीन मीटरवर, साइट काढून ठेवलेली, डोळे मिटलेले, आणि फक्त रिलीज. कंटाळा येतो, आलाच पाहिजे. ज्याला आठवड्यात मेडल हवंय त्यानं कॅरम खेळावं.

थोडक्यातल्या चुका

बाण न लावता दोरी सोडणं. मित्राला "ओढून बघ" म्हणून धनुष्य देणारा आणि ते सोडून बघणारा, दोघांना मी मैदानाबाहेर काढतो. कंपाउंडची लिंब, म्हणजे वाकणारी पाती, तडकते, केबल सुटते आणि ती तोंडावर बसते.

बाण न तपासणं. दगडावर आपटलेला कार्बन बाण हलका वाकवून, पिळून कानाशी धरा. कर्र आवाज आला तर तो मोडून टाका, "सरावाला चालतोय" म्हणून ठेवू नका. सुटताना फुटला तर कुसळं डाव्या हातात शिरतात.

धनुष्य गाडीच्या डिकीत ठेवणं. मे महिन्यात पारा 42 वर जातो तेव्हा बंद डिकीत काय होत असेल? दोरी ताणते, व्हेन, म्हणजे बाणाच्या शेपटीचे पंख, सुटतात, पॉइंटचा, म्हणजे टोकाचा, गोंद मऊ पडतो आणि बाण उपटताना पॉइंट हरणातच राहतो. नंतर त्याच भोकात दुसऱ्याचा बाण ठेचतो आणि भांडण माझ्याकडं येतं.

बाण सुटताच मान उचलून बघणं. धनुष्याचा हात पडतो, बाण खाली जातो. हरीण फोमचं आहे, पळून जाणार नाही. लागल्याचा आवाज येईपर्यंत थांबा.

हरवलेला बाण सोडून देणं

हे मात्र मी खपवून घेत नाही. आम्ही शेतात आणि गायरानाच्या कडेला सराव करतो, मालकाच्या परवानगीनं आणि हरणामागं मातीचा चढ बघून. चुकलेला बाण गवताखालून सरपटत जातो आणि चार बोटं मातीत शिरून आडवा राहतो, वरून काही दिसत नाही. पाऊस पडला की काळ्या रानात तो गेलाच. पुढं कधीतरी तो बैलाच्या खुरात जातो किंवा तुकडा होऊन कडब्यात. एकदा असा प्रकार झाला की शेतकरी परत रान देत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

बाण चुकला की खुंटी सोडू नका. एकानं खुंटीवर उभं राहून बोटानं रेषा दाखवायची, दुसऱ्यानं त्या रेषेत हरणाच्या मागं पाय घासत जायचं. पावलं हरणाकडूनच मोजा, लोकांना वाटतं त्याहून बाण नेहमी लांब असतो. पॉइंट लोखंडी असेल तर मेटल डिटेक्टर कामाला येतो, आम्ही वर्गणीतून एक घेतलाय. धसकटात हिरवे नि काळे व्हेन दिसत नाहीत, तरी पोरं तेच मागवतात, भारी दिसतात म्हणून. गुलाबी घ्या. लाज वाटत असेल तर नारंगी घ्या, पण हिरवे घेऊन आलात तर शोधायला मी येणार नाही.