घर ‘लाभत नाही’ म्हणतात, तेव्हा आधी तारखा मांडा

दहा वर्षांत चार मालक झालेला फ्लॅट दाखवताना एजंट म्हणतो, “सगळे इन्व्हेस्टर होते हो.” शेजारच्या काकू हळूच सांगतात, “ते घर कुणाला लाभत नाही.” घरचे म्हणतात, वास्तुशांत करून घेऊ. तिघांचंही ऐकू नका. मी स्वतःसाठी आणि भावंडा-मित्रांसाठी पुण्यात बरेच रिसेलचे फ्लॅट तपासलेत आणि त्यातला एक घेऊन पोळलोही आहे.

आधी साधा हिशेब. पुणे शहरात पुरुषाच्या नावावर घर घेतलं की स्टँप ड्युटी ७ टक्के, वर नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांपेक्षा जास्त नाही. ६० लाखांच्या फ्लॅटला हे साडेचार लाख झाले. एजंटाचा एक टक्का धरला तर पाच लाखांच्या वर गेले. दोन वर्षांच्या आत विकलं तर नफ्यावर स्लॅबप्रमाणे टॅक्स. एवढं सोसून जो दीड वर्षात घर सोडतो, तो हौसेने सोडत नाही. तुम्हाला त्याचं कारण शोधायचंय. नुसता मालकांचा आकडा काही सांगत नाही.

१. मालकांची यादी काढा

विकणाऱ्याकडून बिल्डरच्या पहिल्या करारापासूनची सगळी चेन मागा, प्रत्येक कराराच्या इंडेक्स टूसकट (नोंदणी कार्यालयाचा उतारा, त्यात कुणी कुणाला कधी आणि केवढ्याला विकलं ते असतं). त्याच्या झेरॉक्सवर थांबू नका. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च फुकट आहे. करारातला सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाकून एकेक वर्ष तपासा. अख्खी संध्याकाळ जाते, जाऊ द्या. शिवाय सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट उलटं करून बघा, मागे प्रत्येक ट्रान्सफरची नोंद असते. इंडेक्स टूमध्ये आहे आणि इथे नाही असं नाव सापडलं, तर तो माणूस सोसायटीचा सभासद न होताच घर विकून गेला. का, ते विचारा.

२. घरातले व्यवहार वजा करा

बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र हे बाप-लेकाचे, बहीण-भावांचे दस्त. ते मालक बदलले म्हणून मोजू नका. मात्र हक्कसोडपत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, हे वकिलाकडून बघून घ्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे लोक अजून विसरतात.

३. तारखा पावसाळ्याशेजारी मांडा

इथे मी चुकलो होतो, म्हणून इथे वेळ घालवा.

“पावसाळ्यात घर बघा” हा सल्ला सगळे देतात. तो निरुपयोगी आहे. फेब्रुवारीत समोर आलेला व्यवहार जुलैपर्यंत कोण धरून ठेवतं? आणि विकणारा मुद्दाम कोरड्यातच विकतो.

मी घेतलेल्या फ्लॅटचे आधीचे तीन व्यवहार झाले होते फेब्रुवारी, एप्रिल आणि जानेवारीत. इंडेक्स टू माझ्या हातात होते. मी नावं तपासली, मोबदल्याची रक्कम तपासली, तारखा नुसत्या वाचल्या. मार्चमध्ये घर घेतलं. जुलैत बेडरूमची पश्चिमेची भिंत ओली झाली आणि कपाटाचं प्लायवूड पावासारखं फुगलं. तेव्हा कुठे मी तारखा कॅलेंडरवर मांडल्या. प्रत्येकाने कोरड्यात घर घेतलं होतं, एखाद-दोन पावसाळे काढले होते, दिवाळीत भिंत रंगवली होती आणि पुढच्या पावसाआधी घर दुसऱ्याच्या गळ्यात मारलं होतं.

तुम्ही हे घर घेण्याआधी करा. कागदावर वर्षांची ओळ आखा, जून ते सप्टेंबर पेन्सिलीने काळे करा आणि प्रत्येक मालकाची रेघ ओढा. कोण किती महिने राहिला ते सोडा, किती पावसाळे राहिला ते मोजा. लागोपाठ दोन मालक एकेक पावसाळा काढून गेले असतील, तर गळती आहे असंच धरून चाला. नाही हे त्यांनी सिद्ध करायचं. एखाद्याच्या रेघेत एकही पावसाळा नसेल, तर तो खरंच इन्व्हेस्टर होता, एजंट त्याच्यापुरतं खरं बोलला. सहा-सात वर्षांच्या रेघा असतील तर बदली, मुलांची शाळा, आई-वडिलांचं आजारपण अशी कारणं असतात, निवांत राहा. आणि सगळे व्यवहार मे-जूनमध्येच दिसले, तर उलट पाण्याची टंचाई आहे का ते तपासा. सोसायटीची उन्हाळ्यातली टँकरची बिलं मागा.

मग कागद घेऊन फ्लॅटवर जा. एकाच भिंतीला ताजा रंग, बाहेरच्या भिंतीला ठोकून बसवलेलं कपाट, फक्त बाथरूमशेजारच्या खोलीत फॉल्स सीलिंग, चौकटीच्या पायाशी पांढरा खार. यातलं काहीही दिसलं की मी थेट खालच्या मजल्यावर जातो. तिथे ‘वरचं घर कसं आहे’ असं विचारू नका, लोक सावध होतात. “तुमच्याकडे वरून गळतं का?” एवढंच विचारा. स्वतःचं गाऱ्हाणं माणूस चहा देऊन सांगतो.

४. आधीच्याच्या आधीच्या मालकाला फोन करा

चेअरमनला विचारून उपयोग नाही, त्याला सोसायटीची अब्रू राखायची असते. आत्ताच्या विकणाऱ्याला तर नाहीच. त्याच्या आधीच्या मालकाचे पैसे कधीच मिळालेत, लपवण्यासारखं त्याच्याकडे काही उरलेलं नसतं. नाव इंडेक्स टूवर, नंबर बहुधा सेक्रेटरीकडे. मी असा फोन उशिरा केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “वरच्यांनी बाथरूम सरकवलंय. आम्ही दोन वर्षं भांडलो.” सोसायटीच्या नेहमीच्या प्लंबरलाही गाठा, या फ्लॅटला कितीदा आलास एवढंच विचारा.

५. कागद

बँकेचं कर्ज काढताय ना, मग तिचा वकील चेन तपासेलच. तरी स्वतःच्या वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. मधला एखादा मूळ करार हरवला असेल तर त्याचा सोपस्कार विकणाऱ्याने इसार घेण्याआधी पुरा करायचा, नंतर नाही. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा.

६. घ्यायचं की नाही

पावसाचं पाणी किंवा बाहेरच्या पाइपची गळती असेल, तर दुरुस्ती सोसायटीची. सर्वसाधारण सभेत ठराव झालेला असेल आणि पैसे जमा झालेले असतील, तर भाव पाडून खुशाल घ्या. ठरावाशिवाय “होईल हो पुढच्या वर्षी” यावर जाऊ नका. गळती वरच्या मालकाने हलवलेल्या बाथरूमची असेल, तर फुकट दिलं तरी नको. सोसायटी म्हणणार तुमचं आपसातलं आहे, वरचा म्हणणार आधीपासूनच गळतंय, आणि तुमची वर्षं सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे चकरा मारण्यात जाणार.

घरात कुणी अपघाताने किंवा स्वतःहून गेलं असेल तर? मला त्याचं काही वाटत नाही. पण उद्या तुमच्याकडून घेणाऱ्याला वाटेल, तेव्हा तेवढा भाव आजच कमी करून घ्या.

माझा तो फ्लॅट मी दोन पावसाळे काढून विकला. गळतीचं आधीच सांगितलं आणि तीन लाख कमी घेतले. व्यवहार मे महिन्यात झाला. ई-सर्चवर आता फेब्रुवारी, एप्रिल, जानेवारी, मार्च आणि मे अशा ओळी दिसतात, शेवटच्या दोन माझ्या.